पियोंगला हवा होता अ‍ॅम्प

पियोंग गायेगोचं केस कापायचं दुकान गिम्बाल गावच्या बाजारात, सुक्या मासळीच्या गल्लीला लागून आहे. खुर्ची एकच, बाकावर मात्र कायम चार जण बिनकामाचे. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात हा माणूस दोनच कामं शिकला, डोकी भादरणं आणि बास गिटार वाजवणं. पहिल्या कामासाठी त्याला सगळं गाव ओळखतं. दुसरं काम तो बावीस वर्षं एकाच बँडमध्ये करतो आहे, आणि खरं सांगायचं तर तो नेमकं वाजवतो काय, हे कुणी कधी नीट ऐकलेलंच नाही.

त्यात त्याचा दोष नव्हता. चॅपलमागच्या हॉलमध्ये तालीम चाले आणि त्याची गिटार जोडलेली असे तिथल्या म्हाताऱ्या व्हिडिओके, म्हणजे कराओके मशीनला. जाडे सूर त्या मशीनच्या घशातच अडकत. फिएस्ताला, म्हणजे गावच्या जत्रेला, भाड्याचे भोंगे येत, पण तिथं हेर्नानी मास्तरांच्या गाण्याखाली बाकी सगळंच दबून जाई.

हे हेर्नानी मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि बँडचे पुढारीही तेच. यंदा त्यांची भाची क्लारिसा कॉलेज संपवून नवाकोरा कीबोर्ड घेऊन घरी आली, आणि पियोंगचे दिवस फिरले.

"नोंग, राग मानू नका," एका रविवारी मास्तर म्हणाले (नोंग म्हणजे आमच्याकडे दादा), "पण तुमचं काही ऐकूच येत नाही. क्लारिसाचा डावा हात तसा रिकामाच असतो, बासचं तेवढं ती सांभाळेल. पुढच्या रविवारपर्यंत जरा आवाजाचं बघा. नाही जमलं तर या फिएस्ताला आराम करा."

आराम करा म्हणे! आमच्याकडे एकदा आराम करायला बसलेला माणूस परत उठल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पियोंगलाही ते कळलं. त्या रात्री तो जेवला नाही. त्याची बायको नातिंग हिनं डुक्कर विकल्याचे पैसे काढले.

"सहा हजार पेसो. वर एक पेसो मिळणार नाही," ती म्हणाली. "आणि ती जी काय पेटी आणशील ती पलंगाखाली मावली पाहिजे."

बाससाठी लागतो तो कॉम्बो अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र आणि स्पीकर एकाच पेटीत. गिटारची वायर खुपसायची की झालं. इतकं सरळ काम. पण पियोंगनं ते सोमवारी दुकानात बोलून दाखवलं, आणि तिथून घोळ सुरू झाला.

"वॅट बघ, नोंग," बाकावरचा वायरमन म्हणाला. "ड्रमपुढे साठच्या खाली गेलास तर डास गुणगुणल्यासारखं होईल."

"वॅट कसले घेऊन बसलास? इंच बघ," जहाजावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले. "स्पीकर बारा इंची नसेल तर बास बाहेरच पडत नाही."

"वजन," खुर्चीतले हेडमास्तर साबणाच्या फेसातून म्हणाले. "जड असेल ते टिकतं."

"अरे, साधा गिटारचा अ‍ॅम्प घे ना. निम्म्यात येतो," चौथा म्हणाला. त्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"बासनं त्याचा स्पीकर फाटेल, मग तू भरून देणार का?" वायरमन उसळला, आणि दोघांची अशी जुंपली की पियोंगनं हेडमास्तरांचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर कापला. त्याचं डोकं पार भंजाळून गेलं होतं.

बुधवारी दुकान बंद ठेवून तो जीपनीनं, म्हणजे वडापच्या लांबड्या जीपनं, इलोइलो शहरात गेला. वाद्यांच्या दुकानातल्या मुलीनं त्याला दहा वॅटचा अ‍ॅम्प दाखवला. किंमत बसत होती.

"खोलीत वाजवायला छान आहे, सर."

"आणि खोलीत ड्रमवाला असेल तर?"

"मग त्याला बाहेर बसवा."

"बरं, हा वीसचा. म्हणजे याचा आवाज दुप्पट?"

"नाही सर. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात."

पियोंगनं मान डोलावली. कळलं काहीच नाही, पण पोरीसमोर ते कबूल कसं करणार? शंभर वॅटवाल्याची किंमत अठरा हजार निघाली. तेवढ्यात तीन डुकरं आली असती. तो बाहेर पडला तेव्हा सकाळी थोडंफार कळत होतं तेही आता कळेनासं झालं होतं.

जीपनीच्या थांब्याजवळ जपानी जुन्या सामानाचं एक गोदाम आहे. सायकली, कपाटं, ताटल्या, सगळं तिकडून कंटेनरनं येतं. तिथं ताटल्यांच्या रॅकखाली एक काळी पेटी होती. साठ वॅट, बारा इंची स्पीकर, उचलायला दोन माणसं. पियोंगचे सगळे सल्लागार एका दमात खूश होतील अशी, आणि साडेपाच हजाराला. मालकिणीनं पेटी चालू केली, पियोंगनं सोबत आणलेली गिटार जोडून एक सूर छेडला, आणि रॅकवरच्या ताटल्या थरथरल्या. बावीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. त्याचे डोळे भरून आले.

"ट्रान्सफॉर्मर आहे ना, नोंग?" मालकिणीनं पैसे घेताना विचारलं.

"आहे की," पियोंग म्हणाला.

घरी त्यानं तिला हातही लावला नाही, पहिला सूर हॉलमध्येच वाजायचा होता. रविवारी चॅपलमधली मिसा संपल्यावर पेटी तिथं आली. बेबोत ट्रायसिकल, म्हणजे तीनचाकी रिक्षा चालवतो आणि बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्यानं ती आपल्या गाडीतून आणली आणि सगळ्यांनी तिच्याभोवती कौतुकानं फेरी मारली. पियोंगनं भिंतीत प्लग खुपसला. फट् झालं, मागच्या जाळीतून धूर आला आणि हॉलभर जळका वास पसरला.

जपानची वीज शंभर व्होल्टची, आमची दोनशेवीस. हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. मधे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, मालकिणीनंही तसाच लावून पेटी दाखवली होती. पियोंगचं केस कापायचं यंत्रसुद्धा जपानीच. त्याचा ट्रान्सफॉर्मर दुकानात काउंटरखाली बारा वर्षं खिळ्यांनी ठोकलेला आहे, तो कधी काढावाच लागत नाही, म्हणून त्याचा विचारही येत नाही. मालकिणीशी पियोंग खोटं बोलला नव्हता. वॅट, इंच आणि वजनानं भरलेल्या डोक्यात व्होल्टला तेवढी जागा उरली नव्हती.

कुणी हसलं नाही, याचंच त्याला जास्त लागलं. "बसा, नोंग," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "क्लारिसा, तू घे बास."

पियोंग मांडीवर गिटार घेऊन बाकावर बसला. पोरीचा डावा हात चांगला होता, अगदी स्वच्छ. झालं, संपलं आपलं, असं त्याला वाटलं. पण कडवं संपता संपता ड्रम घसरला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच घसरला. तिसऱ्यांदा बेबोतनं काठ्या खाली ठेवल्या.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"धृपदाकडे कुठं वळायचं ते कळत नाहीये."

"इतकी वर्षं कसं कळत होतं?"

"नोंग हनुवटी उचलतो ना," बेबोत म्हणाला. "वळणाच्या आधी. मी तिकडंच बघत असतो. नोंग, जरा समोर येऊन उभा राहा."

"अरे, पण वायर कुठं जोडू?"

"नको जोडूस. नुसता वाजव."

पियोंग उभा राहिला. कशालाच न जोडलेली गिटार तो वाजवू लागला, वळणाआधी त्याची हनुवटी वर गेली, आणि ड्रम बरोबर वळला. त्यामागून मास्तरही वळले. गाणं शेवटपर्यंत नीट गेलं.

"फिएस्ताला असेच उभे राहा, तियो पियोंग," क्लारिसा काकांना म्हणावं तसं म्हणाली. "बास मी वाजवते."

"नोंग नसेल तर मी पण नाही," बेबोतनं मास्तरांना ठणकावलं. मास्तरांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा पियोंगकडे, आणि होकारार्थी मान हलवली.

हा मान म्हणायचा की अपमान, हे पियोंगला घरी पोचेपर्यंत उलगडलं नाही. त्यानं आणि बेबोतनं पेटी पलंगाखाली सरकवली. मावली.

"मग?" नातिंगनं विचारलं. "ऐकू आला का तुझा बास?"

"अजिबात नाही," पियोंग म्हणाला. "पण ठेवलं मला."