बेकार मोजायची नोकरी

मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली ती बेकार लोक मोजायची! हसू नका. एम.ए., बी.एड. होऊन नऊ वर्षं मी फॉर्म भरत आणि परीक्षा देत फिरले, आणि शेवटी एका दुपारी फोन आला की रोजगाराच्या सर्वेक्षणासाठी कंत्राटी माणसं घ्यायचीत, धाराशिवला प्रशिक्षणाला या. मी कणीक मळत होते. तसल्याच हातानं फोन धरला आणि "हो, येते, उद्या येते, आत्ता येऊ का?" असं बोलून बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी पगार तरी विचार." पगार कोण विचारतंय! मी अंगणात जाऊन दोन गिरक्या मारल्या, आणि शेजारीण भिंतीवरून बघतीय हे दिसल्यावर तिसरीपण मारली.

प्रशिक्षणाला जाताना मला वाटत होतं, यात शिकायचं काय डोंबल? ज्याला नोकरी नाही तो बेकार. मोजा आणि मोकळे व्हा. पण तिथं कळलं की बेकार ठरणं काही सोपं नाही! गेल्या सात दिवसांत कुणी एक तासभर जरी कमाईचं काम केलं असेल, तर आठवड्याच्या हिशेबानं तो बेकार नाही. तोच माणूस वर्षाचा मोठा भाग काम शोधत बसला असेल, तर वर्षाच्या हिशेबानं मात्र बेकार. आणि जो काम शोधतही नाही आणि मिळालं तरी करायला तयार नाही, तो या मोजणीच्या बाहेरच. बेकारीचा दर काढताना त्याला धरतच नाहीत. मी तिथंच कपाळावर हात मारला. मधली दोन वर्षं मी चिडून ठरवलं होतं की आता शोधायची नाही आणि कुणी आणून दिली तरी करायची नाही. म्हणजे त्या दोन वर्षांत मी साधी बेकारसुद्धा नव्हते!

मग तर मला नादच लागला. घरी येऊन मी सगळ्या भावकीला एकेका खान्यात बसवलं. चुलत सासऱ्यांच्या तीन एकरांत चार भाऊ राबतात. त्यातले दोघं उठून गेले तरी पोत्यात एक दाणा कमी व्हायचा नाही, ही छुपी बेकारी. कारखान्याचं गाळप संपलं की ज्यांचे हात रिकामे होतात, ती हंगामी. आमचा धाकटा दीर पदवी घेऊन कट्ट्यावर बसलेला, ती सुशिक्षित बेकारी. दीर म्हणाला, "वहिनी, नाव लई भारी आहे, पण जेवायला वाढा आता."

एक धाकधूक तेवढी होती. कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही, हे पहिल्या गावावर ठरणार होतं. आमचे साहेब स्वतः येऊन काही घरं पुन्हा तपासणार, आणि लिहिलेलं खोटं निघालं की त्याच दिवशी घरी. झाडाखाली बसून मनानंच माहिती भरणाऱ्या एकाला त्यांनी तसं पाठवलंही होतं. नऊ वर्षांनी मिळालेलं काम मला काही झालं तरी घालवायचं नव्हतं.

मला गाव मिळालं ढोकीच्या अलीकडचं. मी टॅब छातीशी धरून एसटीतून उतरले आणि कामाला लागले. निवडलेलं पहिलं घर, दुसरं घर, पाचवं घर. काय सांगू, त्या गावात बेकार औषधालाही सापडेना! कुणाचा मुलगा कंपनीत, कुणाचा बँकेत, कुणाचा "मोठ्या साहेबाच्या हाताखाली". प्रत्येक घरी चहा, एका घरी तर कांदेपोहे. आणि मी निघताना सगळ्याजणी मला कुंकू लावायच्या. सातव्या घरी एका म्हातारीनं हळूच विचारलं, "मुलगी कितवी शिकलीय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं सोयरीक ठरवायच्या आधी मुलीकडचं कुणीतरी गावात येऊन गुपचूप चौकशी करतं. मुलगा काय करतो, रान किती, घरात माणसं किती. मी नेमकं तेच विचारत फिरत होते! सगळ्या गावानं मला मुलीकडची ठरवून टाकलं होतं, आणि असल्या वेळी कोण सांगेल की पोरगं बसून आहे? मी पोट धरून हसले, आणि मग ओळखपत्र गळ्यात पुढं करून सगळी घरं पहिल्यापासून पुन्हा केली. तरी लोकांचा विश्वास बसेना.

एका घरी एक मावशी होत्या. घरात दोघंच, त्या आणि एकुलता एक मुलगा. त्यांनी ओळखपत्राकडं बघितलंही नाही. म्हणाल्या, "माझा मुलगा पुण्याच्या कंपनीत हाय. घरूनच काम करतो, लॅपटापवर. त्याला सारखं उठता येत न्हाय." आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. शेजारच्या बायकांनीही दुजोरा दिला, "व्हय व्हय, नऊ ते सहा हालत न्हाय बघा जाग्यावरून." उमरग्याहून त्याला एक स्थळ आलं होतं आणि पंधरा दिवसांनी मुलीचे मामा यायचे होते, हेही मला कळलं. मी म्हटलं, मावशी, ज्याचं त्याच्या तोंडून ऐकायचा आमचा नियम आहे. मुलगा बाहेर आला, आईसमोर मान डोलावली आणि पुढचं घर दाखवतो म्हणून माझ्याबरोबर निघाला.

गल्ली वळल्यावर तो थांबला. "ताई, हे नाव घालून कुठं छापत न्हाईत ना?"

"नाही. नुसता आकडा जातो. कुणाला कळत नाही."

"मग खरं लिहा. चार महिन्यांखालीच नोकरी गेली माझी. आईनं गावात सांगितलं घरून काम आहे, तवापासून रोज नऊला लॅपटॉप उघडायचा अन सहाला मिटायचा. मला ट्रॅक्टर येतो चालवायला. ऊस वाहायला माणूस पाहिजे म्हणतेत. पण कंपनीतला माणूस ट्रॅक्टरवर बसला तर लोक काय म्हणतील?"

"गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम?"

"एक मिनिट न्हाय."

"काम शोधताय?"

"दिवसभर दुसरं करतो काय मी त्या लॅपटॉपवर?"

सांगायला लाज वाटते, पण माझ्या अंगात आनंदाची लहर उठली! एवढी घरं पालथी घातल्यावर एक खराखुरा, आठवड्याच्या हिशेबात चोख बसणारा बेकार सापडला होता. मी भराभर भरलं, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. "कुणाला सांगणार नाही," मी त्याला शब्द दिला.

पुढच्या आठवड्यात साहेब तपासायला आले. घरं त्यांनीच निवडली, आणि तिसरं निवडलं ते नेमकं हेच.  साहेबांनी मावशींना विचारलं, मावशींनी तेच ठसक्यात सांगितलं. पुणं, कंपनी, लॅपटाप. ओट्यावरच्या बायकांनी पुन्हा साक्ष दिली. साहेबांनी टॅबमध्ये बघितलं आणि भुवई वर केली.

"मॅडम, इथं तर तुम्ही वेगळंच लिहिलंय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याला शब्द दिला होता. आणि अख्खी गल्ली कान टवकारून उभी होती. "ऐकलं ते लिहिलं, साहेब," एवढंच म्हणाले.

"कुणाकडून ऐकलं?"

 नऊ वर्षं डोळ्यांपुढून गेली हो! जिभेच्या टोकावर आलं होतं, एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. दात घट्ट आवळून धरले.

"असलं मनानं भरलेलं चालत नाही आपल्याला," साहेब म्हणाले. "टॅब द्या इकडं, आणि उद्यापासून येऊ नका."

मी टॅब दिला.  तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मुलगा बाहेर आला.

"त्यांचं बरोबर हाय, साहेब. म्याच सांगितलं त्यांना. मला नोकरी न्हाय. चार महिने झाले."

 एका बाईनं तोंडाला पदर लावला. साहेबांनी शांतपणे सगळे प्रश्न त्याला पुन्हा विचारले, त्यानं सगळ्यांसमोर एकेकाचं उत्तर दिलं, मोठ्या आवाजात. सगळं जुळलं. साहेबांनी टॅब माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं काम आहे. पुढच्या महिन्यात उमरग्याकडची गावं घ्या."

राहिली! माझी नोकरी राहिली! मला तिथंच पुन्हा गिरकी मारावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. साहेब पुढच्या घराकडं गेले. मुलगा केव्हाच निघून गेला होता, मळ्याच्या वाटेनं. मी चप्पल पायात सरकवत होते तेव्हा मावशी दारात आल्या. रागावतील म्हणून मी मान खाली घातली.

"तुमची नोकरी ऱ्हायली का, बाई?"

"राहिली, मावशी."

त्यांनी कोनाड्यातला करंडा काढला आणि मला कुंकू लावलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकाची तरी ऱ्हायली."