खुर्चीकडे बघून बोला

भालेराव काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात टीव्हीसमोर सावधान उभे होते. सकाळचे अकरा वाजले होते. मी रात्रपाळी करून आले होते, फ्लॅटची किल्ली मालकांनी त्यांच्याकडे ठेवली होती आणि मला झोपेशिवाय जगातलं काहीही नको होतं. काकांनी मान न वळवता हातानेच ‘उभी राहा’ अशी खूण केली. मी उभीच होते, तरी आणखी ताठ झाले. वाटलं, कोणीतरी मोठा माणूस गेला असणार. तर टीव्हीवर लोकसभेचे अध्यक्ष सभागृहात येत होते. ते बसले, मग काका बसले, मग मला किल्ली मिळाली.

“रोज उभे राहतात,” भालेराव काकू आतून म्हणाल्या. “मी चहा घेऊन आले तर पायसुद्धा बाजूला घेत नाहीत.”

हे कर्वेनगरातलं, कॉल सेंटरं नवीन होती तेव्हाचं. मी बार्शीहून आले होते आणि रेश्मा नावाच्या मैत्रिणीबरोबर भाड्याने राहत होते. आम्ही दोघी रात्रभर अमेरिकेतल्या लोकांच्या शिव्या इंग्रजीत खायचो आणि सकाळी कंपनीच्या गाडीतून घरी यायचो. फ्लॅटचे मालक कॅलिफोर्नियात. काका पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले, बरीचशी नोकरी येरवड्यात काढलेली. बारा फ्लॅटच्या त्या सोसायटीने त्यांना अध्यक्ष केलं ते एवढ्याचसाठी, की पोलिसाला पाण्याचा टँकरवाला घाबरेल. टँकरवाला काही घाबरला नाही. सोसायटीच घाबरून राहायला लागली.

कारण काकांनी सोसायटीची लोकसभा केली. दर महिन्याला पार्किंगमध्ये सभा. अध्यक्षांना हाताची लाल प्लॅस्टिकची खुर्ची, सदस्यांना बिनहाताच्या पांढऱ्या. सदस्यांच्या बायका, भाडेकरू आणि मुलं यांनी जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचं. ती प्रेक्षक गॅलरी. तिथे बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेंगा खायच्या नाहीत. हातोडा म्हणून काकूंच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. सभेच्या दिवशी त्यांच्याकडे लसणाची चटणी होत नसे. गळक्या पाइपांच्या तक्रारी फक्त शून्य प्रहरात. कोणी कोणाला ‘गाढव’ म्हणालं की काका बत्ता आपटून फर्मावत, “हा शब्द कामकाजातून काढून टाका.” सेक्रेटरी मुळात काहीच लिहीत नसल्यामुळे ते काम सोपं होतं. पहिल्या मजल्यावरचे पटवर्धन एकदा रागावून सभात्याग करून गेले, घरी जाऊन मालिका बघितली आणि जाहिरातींत परत येऊन बसले. काकांनी त्यांचं रीतसर स्वागत केलं.

दोन सदस्य एकमेकांवर घसरले की काकांचं एक वाक्य ठरलेलं असे: “खुर्चीकडे बघून बोला.”

मी एकदा विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाले, “खूळ नव्हे. चौकीवर दोन पार्ट्या यायच्या. समोरासमोर बसवल्या की डोकी फुटायची. दोघांनाही म्हणायचो, तिकडे नाही, माझ्याकडे बघून बोल. आवाज आपोआप खाली यायचा. लोकसभेत हेच करतात हे मला रिटायर झाल्यावर टीव्हीवर दिसलं. म्हटलं, भले! मी तीस वर्षं संसदच चालवत होतो की.”

बोलण्याची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. अर्धा पंचनामा आणि अर्धी संसद. “सदर भाजी खारट आहे,” असं ते जेवताना म्हणत आणि काकू म्हणत, “नोंद घेतली.” सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. पोलिसांचे अधिकार, महिलांचं आरक्षण, अटक झालेल्या माणसाचे हक्क, अशी काही चर्चा टीव्हीवर असली की काका जेवण विसरायचे. एकदा कोणी खासदार म्हणाले की पकडलेल्या माणसालाही प्रतिष्ठा असते. काका बराच वेळ मिशी चाचपत बसले. मग म्हणाले, “हे मला भरतीच्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर येरवड्यात दोनचार जणांचे कान शाबूत राहिले असते.”

“माझेही राहतील,” काकू म्हणाल्या. “आवाज कमी करा.”

“अगं, जन्मभर ‘होय साहेब’ म्हटलं. ज्या कलमाखाली मी माणसं आत टाकली, त्या कलमावर लोक उभे राहून भांडतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, कायदा वरून पडतो. पावसासारखा.”

आता एक रंगाची हकीकत सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. इमारतीला रंग द्यायचा की नाही यावर मतदान झालं आणि बरोबर समसमान मतं पडली. निर्णय अध्यक्षांवर आला. काकांच्याच भिंतीला ओल होती, त्यांना रंग हवाच होता. त्यांनी मत दिलं ते रंगाच्या विरुद्ध. वर शांतपणे म्हणाले, “अध्यक्षाला स्वतःचं मत नसतं. समसमान झालं की आहे ते तसंच ठेवायचं, ही रीत आहे.” काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकांनी तीही शांतता आनंदाने घेतली.

तर मग आल्या दामले बाई. म्हणजे त्या होत्याच, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. बँकेतून निवृत्त, सोसायटीच्या उपाध्यक्ष, आणि अध्यक्षपद आपल्याला न मिळणं हा लोकशाहीचा पराभव आहे अशी त्यांची खात्री. सकाळी सहाला त्या दुधाची पिशवी घेऊन येत आणि आम्ही गाडीतून उतरत असू. एक दिवस त्यांनी मला जिन्यात थांबवलं. “तुम्ही मुली चांगल्याच असाल हो,” त्या म्हणाल्या. “पण सकाळी सहाला घरी येणारी मुलगी चांगली दिसत नाही.”

त्यानंतर त्यांनी सोसायटी स्थापन झाली तेव्हाचा एक नियम शोधून काढला: अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत. तो सगळे विसरून गेले होते. आम्हाला महिनाअखेरपर्यंत घर सोडायला सांगितलं गेलं. बार्शीला माझ्या वडिलांना, आबांना, कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. “घर मिळत नाही ना? मग ये परत. इथं एक स्थळ आलंय, पोराची खताची एजन्सी हाय.” खताच्या एजन्सीबद्दल मला आदर आहे, पण मला तिथे जायचं नव्हतं. पुण्यात आणखी चार ठिकाणी विचारलं. सगळीकडे पहिला प्रश्न तोच: लग्न झालंय का?

पटवर्धनांना मी अमेरिकेतल्या मुलाला ईमेल कसा करायचा ते शिकवलं होतं. त्यांनी उपकार फेडले. हा नियम रद्द करावा असा ठराव आणला. झालं, अख्ख्या सोसायटीत दोन तट पडले. मी आणि रेश्माने घरोघरी जाऊन अंदाज घेतला. आमचे मालक परदेशी. अध्यक्ष सोडून उरले दहा. पाच आमच्या बाजूचे, पाच दामले बाईंचे. समसमान. आणि समसमान झालं की आहे ते तसंच ठेवायचं.

मी काकांना जिन्यात गाठलं. “काका, तुम्ही तरी आमच्या बाजूने आहात ना?”

“अध्यक्षाला बाजू नसते.”

“पण आम्ही घर सोडून जायचं का मग?”

“रीत तुला ठाऊक आहे. रंगाच्या वेळी होतीस ना गॅलरीत?”

एवढं बोलून ते बत्ता पुसत निघून गेले. मी घरी येऊन रडले. मग रेश्माला म्हटलं, “पोलीस तो शेवटी पोलीसच.” त्या माणसाच्या घरी मी इतक्या वेळा जेवले होते, आणि तो मला एका प्लॅस्टिकच्या खुर्चीसाठी बार्शीला पाठवायला निघाला होता. मला त्यांचा संताप संताप आला.

सभेच्या दिवशी आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. आमच्या घराचा निकाल लागणार होता आणि आम्हाला तोंड उघडायची परवानगी नव्हती. दामले बाई छान बोलल्या. ‘संस्कार’ हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की तो झिजला. शेवटी म्हणाल्या, “या मुली रात्री काय काम करतात, कोणी पाहिलंय?”

“तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा तुमच्या अमेरिकेतल्या भाच्याच्या बँकेचे फोन घेतो आम्ही,” मी ओरडले.

बत्ता आपटला. “प्रेक्षकांनी गॅलरी सोडावी,” काका म्हणाले. मी उठले. रेश्मा हात ओढत होती. मी दोन पायऱ्या वर चढून अर्धवट भिंतीआड थांबले. काकांना मी दिसत होते. त्यांनी न दिसल्यासारखं केलं.

मतदान पुकारायची वेळ झाली. काका उठले. बत्ता त्यांनी खुर्चीवर ठेवला.

“या विषयावर मला सदस्य म्हणून बोलायचं आहे,” ते म्हणाले. “अध्यक्षाला ते करता येत नाही. म्हणून मी या पदाचा राजीनामा देतो. एकदा बाजू घेतली की त्या माणसाने परत या खुर्चीत बसायचं नसतं, तेव्हा बसणारही नाही. उपाध्यक्षांनी खुर्ची घ्यावी.”

दामले बाई लाजल्या. खरंच लाजल्या. पदर सावरून त्या लाल खुर्चीत बसल्या आणि बत्ता त्यांनी असा धरला जणू जन्मापासून हातात होता. काका बिनहाताच्या खुर्चीशेजारी उभे राहिले आणि दामले बाईंकडे बघून बोलायला लागले.

“अध्यक्ष महोदया, मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा खोली शोधत होतो. माझं लग्न झालेलं होतं. नोकरी सरकारी होती. अंगावर खाकी होती. घरमालक सगळं ऐकून घ्यायचे आणि मग आडनाव विचारायचे. आडनावावरून जात कळत नसेल तर गाव विचारायचे, गावात घर कोणत्या बाजूला ते विचारायचे. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो असतो हे कळलं की खोली कालच गेलेली असायची. मी आणि ही, आम्ही चौकीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहिलो. थोरला तिथेच झाला. मी पोलीस होतो, महोदया. माणसात काहीतरी शोधायचंच ठरवलं की सापडतं. आम्हाला तेच शिकवलेलं असतं. माझ्यात लग्नाची अडचण नव्हती, तर दुसरी सापडली. या मुलींत दुसरी नाही, तर लग्नाची सापडली. एवढंच बोलून मी खाली बसतो.”

काकू गॅलरीत पदराने डोळे पुसत होत्या, तेही नियमात बसत नव्हतं.

दामले बाईंनी ऐटीत मतदान पुकारलं. ठरावाच्या बाजूने सहा हात वर झाले, सहावा काकांचा. विरुद्ध चार. दामले बाईंनी हात वर केला, त्यात बत्ता होता. “महोदया,” काका नम्रपणे म्हणाले, “अध्यक्षाला मत नसतं. समसमान झालं तरच.” बाईंनी हात खाली घेतला. मी वरून टाळ्या वाजवल्या आणि दामले बाईंनी, नव्या अधिकारात, मला पुन्हा एकदा गॅलरीबाहेर काढलं.

मी त्या संध्याकाळी काकांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, “माझ्या पाया नको पडू. मी तुझी बाजू घेतली नाही, मी माझी घेतली.” आणि टीव्ही लावला. खुर्ची गेल्याचं त्यांना फार लागलं, हे काकूंनीच मला सांगितलं. सभेच्या दिवशी ते सकाळपासून बत्ता शोधत आणि मग आठवत असे, तो दामले बाईंकडे गेला. पण पुढे दामले बाईंनी मध्ये मध्ये बोलल्याबद्दल त्यांना एकदा सभेबाहेर काढलं, तेव्हा काका हसत हसत माझ्या दारात आले. “बाई तयार झाल्या,” म्हणाले.

मी पुढे तोच फ्लॅट विकत घेतला. काका झोपेत गेले, कोणालाही त्रास न देता. त्यांच्या स्वभावाशी हे मुळीच जुळणारं नव्हतं. दामले बाईंनी शोकसभेत बत्ता आपटून शांतता पुकारली, आणि सगळे आधीच गप्प होते. मी अजून सकाळी अकराला टीव्ही लागला की पटकन उभी राहते. नवरा हसतो.

परवा मात्र गंमत झाली. आमच्या डोक्यावर चार मुलं भाड्याने राहायला आली, इंजिनीअर, नागपूर-अमरावतीकडची. दिवसभर घरातूनच काम, आणि पहाटेपर्यंत गाणी. मला बीपीचा त्रास. मी रीतसर ठराव आणला: अविवाहित मुलांना घर देऊ नये. मोजून घेतलं होतं, माझ्यासकट सहा बाजूने, पाच विरुद्ध. काकूंचं मत विरुद्ध, ते मी धरलंच होतं.

मी तावातावाने बोलले. मतदानाच्या आधी दामले बाई काठी टेकत उठल्या. “मला आज सदस्य म्हणून बोलायचंय,” त्या म्हणाल्या. “वैशाली, तू जरा खुर्ची सांभाळतेस का?”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. काकांची खुर्ची! मी बसले, बत्ता हातात घेतला, त्याला अजून लसणाचा वास येत होता. दामले बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “अध्यक्ष महोदया, मुलं चांगलीच आहेत. फक्त दिसत नाहीत.” आणि बसल्या.

हात वर झाले. बाजूने पाच. विरुद्ध सहा. माझा हात अर्धा वर आला होता, बत्त्यासकट. समोर जिन्याच्या पायऱ्यांवर ती चार मुलं गप्प बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, आम्ही बसायचो तशी.

“भालेरावांचा डाव मला कळायला दोन दिवस लागले होते,” दामले बाई म्हणाल्या. “तुला लगेच कळलं. आयटीतली ना तू.”

मी हात खाली घेतला आणि ठराव फेटाळल्याचं जाहीर केलं.