डाव्या हाताला खान

"एकलाच चाललास? बरोबर कोन हाय?" घरमालकीण हिरामावशींनी दारातून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो आणि मनातल्या मनात त्यांचा 'कोन' दुरुस्त करून 'कोण' केला.

ही माझी जुनी खोड. मी पाट्या रंगवतो. शाळा नववीत सुटली, पण शिरवण्याच्या पट्ट्यातल्या कारखान्यांवर लावलेल्या माझ्या एकाही पाटीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. पाटीवरची चूक वर्षानुवर्षं लोकांना दिसत राहते, या धास्तीनं मी प्रत्येक अक्षर तीनदा तपासतो. मावशी इथल्याच, आगरी. मी साताऱ्याकडचा, तीन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो.

एकट्यानं जंगलात जायचं हे गेल्या हिवाळ्यापासून ठरत होतं. दर वेळी काही तरी आडवं यायचं. कधी ताप, कधी पाट्यांचं काम. खरं सांगायचं तर भीतीच आडवी यायची. शेवटी डिसेंबरातला एक रविवार वहीत लिहून टाकला. वहीत लिहिलेलं मी खोडत नाही.

नॅशनल पार्क म्हटलं की सगळे बोरिवली धरतात. आमच्या बाजूच्या माणसाला ठाण्याकडून येऊरला जाणं सोपं. शिरवण्याच्या फाट्यावर सकाळी ठाण्याची बस धरायची, मग ठाणे स्टेशनाहून येऊरची. येऊरच्या बस थोड्याच असतात, म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी विचारून घ्या. मी तिघांना विचारली, तिघांनी तीन सांगितल्या. त्यातली सर्वांत लवकरची, सहाची, मी खरी मानली. पाणी दोन बाटल्या तरी घ्या, वर काही मिळत नाही. मावशींनी मला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती.

बस घाट चढून वर आली तेव्हा हवा एकदम गार झाली. फाटकाजवळच्या चौकीत साठीचा एक वनरक्षक बसला होता. एक पाय स्टुलावर, गुडघ्याला फडकं बांधलेलं. मागे खुंटीला बॅटरी. समोर रजिस्टर. नाव, गाव, आत गेल्याची वेळ आणि शेवटचा रकाना, परत आल्याची सही.

"पाचला सही पायजे," काका म्हणाले. "नाय आलास त मना शोधाला यावं लागल. गेल्या साली एक पोरगा सही न करता दुसऱ्या वाटेनं घरी गेला. मी रातभर त्याला हाका मारल्या, दरडीवरना परलो. तवापास्ना हा गुडघा."

"मी पाचच्या आत येतो," मी म्हणालो. जरा थांबून विचारलं, "काका, सुकटीच्या वासानं बिबट्या येतो का?"

"त्याचं माहीत नाय. मी येतो."

मी डबा उघडून अर्धी भाकरी आणि चटणी त्यांना दिली. खाता खाता त्यांनी वाट सांगितली. "सरल जा. वरा लागल, तो ओलांड. वरती माल हाय, तितं बस, डोंगार बग. मंग पुढं डाव्या हाताला खान लागल. तितना उजवीकडं वल, चौकीवर येशील. त्याच्या पुढं जाव नको."

मी वहीत लिहिलं. 'डाव्या हाताला खान.'

"खान कायम तिथंच असतो ना?"

"कुठं जाईल? माज्या लानपनापास्ना तितंच हाय."

"चहा वगैरे?"

काका हसले. "चा कुठला? बंद हाय सगला धंदा, दहा वरसं झाली."

मी 'धंदा बंद' असंही लिहून घेतलं. म्हातारा चहावाला असणार, आता नुसता बसत असेल.

वरा, म्हणजे ओढा, अर्ध्या तासात लागला. पाणी घोट्याएवढंच, खाली पाय सरकणारे गोटे. पुढचा चढ दमवणारा आहे, सावकाश चढा. सुरुवातीला प्रत्येक पाचोळ्याच्या आवाजाला मी थांबत होतो. नंतर लक्षात आलं की बहुतेक वेळा तो माझ्याच पायांचा आवाज आहे. माळावर पोचलो आणि समोर डोंगरामागे डोंगर, मधे तळ्याची एक चकाकती कड. तासभर तिथं बसलो. कुणी हाक मारली नाही, कुणी 'झाली का पाटी' विचारलं नाही. आयुष्यात इतका वेळ मी काहीही न तपासता बसलो नव्हतो.

जेवायला पुढे एक छान जागा मिळाली. उभे कापलेले कडे, तळाशी हिरवं पाणी, काठाला करवंदाच्या जाळ्या. वहीत लिहिलं, 'मोठा खड्डा, सुंदर.' भाकरी खाल्ली आणि खानाला शोधत पुढे निघालो.

खान काही दिसेना. वाट बारीक होत गेली. चार वाजले. मी दोनदा हाकही मारली, "खानसाहेब!" वर एक माकड तेवढं ओरडलं. सव्वाचारला मोळी घेतलेली एक बाई समोरून आली.

"कोनाला बोलावतंस?"

"इथं खान कुठं बसतात?"

ती मोळी डोक्यावर ठेवूनच बघत राहिली. "खान बसतंय? खान मांगं टाकलीस तू. दगराची खान. एवरा मोठा खड्डा दिसला नाय?"

दगडाची खाण! मी तिच्याच काठावर बसून जेवलो होतो.

बाईनं आडवाटेनं मला खाणीपर्यंत आणून सोडलं. पुढे मी पळत सुटलो. चौकीवर पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. स्टूल रिकामं, काका नाहीत, खुंटीवरची बॅटरी नाही. रजिस्टर उघडं, आणि माझ्या नावापुढचा शेवटचा रकाना कोरा.

काका माझ्यासाठी त्या गुडघ्यानं आत गेले होते.

मागे जावं तर चुकामूक होणार. बस फाटकाबाहेर उभी, कंडक्टर ओरडला, "येतोस का? शेवटची हाय!" मी नाही म्हणालो. झाडाला घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. दगड घेतला आणि त्यावर मारत राहिलो. बस गेली. हात बधिर झाला तरी मारत राहिलो. अंधारू लागलं तेव्हा झाडीतून बॅटरीचा उजेड हलत आला.

"बस कर रं! बिबट्या पन पलाला!"

काका काठीवर भार देत आले. मी सगळं सांगितलं. खानसाहेबांना हाका मारल्याचंही सांगितलं. ते हसता हसता गुडघा धरून खाली बसले. "खानसाहेब! आन् मना विचारतो, चा देतो कं!"

"काका, माझ्यामुळे तुमचा पाय..."

"पाय असाच हाय. तू सही कर."

मी सही केली. त्या रात्री पाड्यावर राहणाऱ्या त्यांच्या भाच्यानं मला सायकलवर डबलसीट ठाण्यापर्यंत सोडलं. भाडं घ्यायला तो तयार होईना.

घरी आल्यावर वही काढली. 'खान' खोडून 'खाण' करायला पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. काकांनी चूक सांगितलं नव्हतं, मीच ऐकलं नव्हतं. ज्यांच्यात तीन वर्षं राहिलो त्यांचा प्रत्येक शब्द मी मनात दुरुस्त करत आलो, आणि नेमका ज्याच्यावर घरी येणं अवलंबून होतं तो तसाच उतरवून घेतला.

पुढच्या रविवारी नेण्यासाठी पत्र्याची एक पाटी रंगवली. पांढऱ्यावर हिरवी अक्षरं, शेजारी बाण. 'दगडाची खाण.' अंगणात वाळत ठेवली होती. मावशी धुण्याची बादली घेऊन आल्या, पाटीपुढे थांबल्या आणि अक्षराअक्षराखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचलं.

"दगराची खान." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बेस लिवलंस. एक अक्षार चुकला नाय."