दादाच्या कीची तपासणी

वहिनीची शाळा आळंदीत, म्हणून दादा लग्नानंतर तिकडेच राहायला गेला. मी चिखलीत राहिले. मधे फक्त इंद्रायणी, आणि दोघांच्याही खिशात मोबाइल. तरी आम्ही बहीणभाऊ रोज सकाळी बोलायचो ते रेडिओवर, मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये, म्हणजे की नावाची पट्टी दाबून ठोकलेल्या ठिपक्या-रेघांमध्ये. दोघांकडे हौशी रेडिओचा परवाना होता. मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत ठोकायची. चहा झाला का, आज कुठली भाजी, वहिनीचा खोकला गेला का. माझी चाकणची कंपनीची बस यायच्या आधी एवढं उरकायचं.

हा नाद मला दादानेच लावला. वडील पिंपरीत कारखान्यात होते, त्यांनी भंगारातून आणलेला एक रेडिओ दादाने उघडून बसवला होता, आणि तो लागला तेव्हा आख्ख्या चाळीने येऊन ऐकला होता. मला त्याने मोर्स शिकवलं ते स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवून. मोजायला शिकवलं तेही त्यानेच. "आधी मीटरवर संशय घ्यायचा, मग वायरवर, मग स्वतःवर. सेटवर सगळ्यात शेवटी," म्हणायचा. पुढे मी कंपनीत मीटर आणि मापं तपासायच्या विभागात लागले, तेव्हा तिथल्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात जे सांगितलं ते मला आधीच पाठ होतं.

मागच्या पावसाळ्यानंतर दादाचे संदेश बिघडायला लागले. त्याच्या लांब रेघा मधेच तुटायच्या. ठिपके गळायचे. एच म्हणजे चार ठिपके, त्यातला एक गळला की एस होतो. 'हो' म्हणायचं असायचं आणि मला 'सो' ऐकू यायचं. आधी मी चेष्टा केली. मग एक दिवस त्याचं वाक्यच लागेना, तेव्हा फोन केला.

"कीच्या टोकांवर गंज आलाय बहुतेक," तो म्हणाला. "नदीकाठची हवा. घासली, पण फरक नाही."

"घेऊन ये इकडे. सेटपण आण. टेबलावर लावून बघते."

"तेच म्हणणार होतो. तुझी मीटरं माझ्यापेक्षा शहाणी आहेत."

गुरुवार ठरवला. आमच्या गल्लीत खाली वेल्डिंगची वर्कशॉपं आहेत, त्यांची यंत्रं चालू असली की घरातला विजेचा दाब सारखा हलतो आणि कुठलंच माप धड येत नाही. गुरुवारी त्यांना सुट्टी असते. मी कंपनीत रजा टाकली. दादा आणि वहिनी रिक्षाने आले. सेट वहिनीने उचलून आणला, जिन्याने वर, दम लागेपर्यंत. दादा मागून मोकळ्या हाताने येत होता. मला ते खटकलं.

सगळी उपकरणं आधीच चालू करून तापायला ठेवली होती. थंड उपकरणाचं माप धरायचं नसतं. पंखा बंद केला, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवले. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून वायरींचाच अडथळा किती ते पाहिलं, तो वजा करायचा म्हणून. ज्याचं मूल्य पक्कं माहीत आहे अशा एका रेझिस्टरवर मीटर तपासला. मग की घेतली. बटण दाबल्यासारखी ती दाबायची, की दोन टोकं टेकतात आणि सूर निघतो, इतकं साधं ते यंत्र. मी टोकं पुसली, मोजलं, पुन्हा मोजलं, वायर हलवून मोजलं. प्रत्येक वेळी तेच माप. गंज नव्हताच.

सेट अँटेनाऐवजी डमी लोडवर लावला, म्हणजे सिग्नल बाहेर न जाता तिथेच उष्णता होऊन जिरतो. ऑसिलोस्कोपवर बघितलं, त्याच्या पडद्यावर सिग्नल रेघ होऊन दिसतो. मी माझ्या हाताने ठिपके आणि रेघा ठोकल्या. पडद्यावर प्रत्येक रेघ काटकोनात वर जात होती आणि काटकोनात खाली येत होती. कुठे तुटणं नाही. सेट निर्दोष होता.

"बघ, चांगला चाललाय," दादा खुश होऊन म्हणाला. "प्रवासात हलून बसला असेल कनेक्टर."

"आता तू ठोक."

तो खुर्चीत सरकला, की पुढे ओढली आणि माझं नाव ठोकायला लागला. पडद्यावर रेघ वर गेली, मधेच खाली कोसळली, पुन्हा अर्धवट वर आली. पुढच्या ठिपक्याला रेघ उठलीच नाही. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि बोटाच्या मधला मांसल भाग आत गेला होता, खड्डा पडल्यासारखा, आणि दंडावरची कातडी आपोआप बारीक बारीक उडत होती.

"दुसरी की दे," तो म्हणाला.

मी माझी दिली. तेच झालं.

"तुझा स्कोप तपास."

तो चांगला आहे हे मला माहीत होतं. तरी मी दुसरा, जुना स्कोप काढला, तापू दिला, जोडला. दादा खिडकीकडे तोंड करून थांबला. वहिनी दारात उभी होती, तिने हात तोंडावर धरला होता. दुसऱ्या स्कोपवरही रेघ तशीच कोसळली.

"मग राहिलं कोण?" दादा म्हणाला. आणि की हळूच बाजूला सारली.

निगडीतल्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला पाठवलं. स्नायूत सुया खुपसून त्यातली वीज मोजतात, ती तपासणी. मला आत थांबू दिलं. पडद्यावर हिरव्या रेघा उड्या मारत होत्या. हात सैल सोडलेला असताना जिथे सपाट रेघ हवी तिथे काटे उठत होते. मी तंत्रज्ञ बाईंना विचारलं, "अर्थिंग बरोबर आहे ना? ट्यूबलाइटचं काही येत नाहीये ना यात?"

"नाही ताई."

"सुईची वायर एकदा बदलून बघाल?"

त्यांनी बदलली. त्यांना बदलायची गरज नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. दादा पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होता. नव्या वायरीवरही काटे तिथेच, तसेच उठले. मला वाटलं होतं, शोधत गेलं की चूक सापडेल. आयुष्यभर सापडत आली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या नसाच मरत चालल्यात. हे वाढत जाणार, थांबवणारं औषध नाही. वहिनीने विचारलं, "मुंबईला नेलं तर?" ते म्हणाले, "न्या जरूर. पण तिकडेही हेच सांगतील." नेलं. तिकडेही हेच सांगितलं.

उजव्या हातानंतर डावा गेला, मग जीभ जड झाली. घास ठसक्याशिवाय उतरेना. मी नुसत्या स्पर्शाने लागणारा स्विच बनवायला घेतला, की अजून हलत असलेल्या एका बोटाने तरी त्याला अक्षरं ठोकता यावीत. कंपनीतून आले की तेच काम. हलक्यात हलका दाब घेईल, पण थरथरीने फसणार नाही, असं करत करत तो जमवला. खूप चांगला झाला होता. माझ्या हातून याहून नेमकं काही कधी घडलं नाही.

रविवारी आळंदीला घेऊन गेले, तोवर ते बोट हलायचं थांबलं होतं. मी गालापाशी लावून पाहिला, मग हनुवटीखाली. वहिनी चादर नीट करत होती. "दादा, थोडा दाब दे. नुसता श्वास सोडल्यासारखा," मी म्हणाले. त्याने प्रयत्न केला असावा. कपाळावर घाम आला. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि मी कितीदा हाक मारली तरी उघडले नाहीत. तो झोपलेला नव्हता.

"राहू दे आता," वहिनी म्हणाली. "त्याला नको आहे."

मी वायर गुंडाळली. बाहेर आळंदीच्या रस्त्यावर रिक्षा आणि बसचा गोंगाट चालू होता. वहिनी चहा टाकायला आत गेली. मी पलंगाजवळ बसून राहिले, त्याचा हात हातात घेऊन. हात गरम होता, पण नुसता ठेवल्यासारखा होता.