काठी कोणत्या हातात

दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या बाईनं संत्रं सोललं आणि सालीचा तिखटगोड वास नाकात शिरला. अमरावतीत राहून चाळीस वर्षं झाली, तरी या वासासरशी मी शेंदूरजनाघाटच्या आमच्या बागेत जाऊन उभी राहते. मन तेवढं बिनकाठीचं चालतं. बाकी सगळं थकलंय. गुडघे झिजल्यापासून, त्यातही उजवा, घराचे दोन जिनेही गड वाटतात.

आंबिया बहाराची संत्री भरली, फांद्या वाकल्या की बाबा बांबूचे टेकू घेऊन झाडाझाडांतून फिरत. एकेक टेकू दहादा सरकवत. मी कंटाळले की म्हणत, "फांदीले विचारूनच टेकू लावा लागते, बाई." पुढं त्यांचाच उजवा गुडघा गेला. मी शहरातून सागवानी काठी नेली आणि वर्गात पोरींना सांगावं तशा सुरात सांगितलं, "दुखरा पाय उजवा ना? मग काठी उजव्याच हातात धरा." त्यांनी धरली. आठवड्यानं मी गेले तेव्हा म्हणाले, "हिच्यानं तं जास्तच दुखून रायलं. डाव्या हातात घेऊन पाहू काय?"

"बाबा, टेकू दुखऱ्या बाजूलाच लागतो," मी म्हटलं.

"तू शिकेल हायस," एवढंच बोलले. महिन्याभरात काठी दारामागं गेली आणि बाबा ओट्यावर बसले. बागेकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारत, फळ केवढं झालं, कोणत्या झाडाची फांदी मोडली. शेवटचे दोन बहार त्यांनी असे ऐकूनच पाहिले. मी मात्र जो भेटेल त्याला सांगत सुटले होते, म्हातारा हेकट आहे, काठी धरायची लाज वाटते त्याला.

माझा नंबर आला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं माझी चाल पाहिली आणि उजव्या हातातली काठी काढून डाव्या हातात दिली. "काकू, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते. बहुतेक जण चुकतात. आता उजवा पाय आणि काठी सोबत टाका."

टाकली. दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. गुडघा दुखला, पण सोसवेल इतकाच. "जमलं की," मुलगी म्हणाली. मला हुंदका आला. तिला वाटलं, दुखलं म्हणून. तिनं पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी बसले नाही, पुन्हा चालून पाहिलं. बाबांना बागेच्या फाटकापर्यंत तरी नक्की जाता आलं असतं.