आला की आले

कुणाचं व्याकरण चुकलं की मास्तर पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण नवघरच्या त्यांच्या दोन खोल्यांत वर्ग अजून भरायचा. मोतीबिंदूनं डोळे अधू झाल्यावर रविवारी दुपारी त्यांना बायबल वाचून दाखवायला मी जायचे. मी शेजारची, बौद्ध घरातली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणाले, बरंच आहे, कोरी पाटी बरी.

गोष्ट बहुधा एकच असायची. देव अब्राहामाकडे त्याच्या मुलाचा, इसहाकाचा बळी मागतो. बापलेक डोंगर चढतात. बाप सुरी उचलतो तेव्हा देव त्याला थांबवतो. पहिल्याच रविवारी मी शेवटी वाचलं, अब्राहाम परत आले. टकटक झाली.

"आला. एकवचन आहे."

एवढ्या म्हाताऱ्या माणसाला अरेतुरे कसं करायचं, मी विचारलं.

"तुझ्या आदरापायी पोरगंही परत येतंय. वर दोघं गेले, परत आला तो एकटा. मुलाचं नाव तिथं नाही."

हे जुन्या यहुदी वाचकांनाही खुपलं होतं, असं ते सांगत. कुणी म्हणालं, मुलगा तिकडूनच शिकायला गेला. कुणी म्हणालं, तो मेला आणि पुन्हा उठला. पुढच्याच अध्यायात आई सारा मरते. ती या बातमीनंच गेली, असंही कुणी म्हणालं. चर्चमध्ये त्यात क्रूस दिसतो, देवानं स्वतःचा मुलगा दिला तो. तळमजल्यावरचे हाजीसाहेब म्हणत, तो इसहाक नव्हताच, मुलगाच दुसरा होता. मास्तर सगळ्यांचं ऐकून घेत. "हजारो वर्षं लोक त्या पोराला घरी आणायला बघतायत," ते म्हणत.

स्वतःच्या पोराला त्यांनी आणलं नव्हतं. सुहास लहानपणी तापातून उठला तर देवाला देईन, असा त्यांचा नवस होता. बायकोला, म्हणजे आमच्या मावशींना, न विचारता त्यांनी त्याला धर्मशिक्षणासाठी दूर पाठवलं. मला घरी न्या, असं त्यानं तीनदा लिहिलं. मास्तरांनी तिन्ही पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारून ती परत पाठवली. मग तिथून निरोप आला की मुलानं विहिरीत जीव दिला. मास्तर एकटे गेले, त्याला तिथंच पुरून एकटे परतले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तरी पुढच्या रविवारी मी गेलेच.

यंदा मास्तर गेले. दफन उरकून आम्ही घरी आलो. इतकी वर्षं रविवारी स्वयंपाकघरातून बाहेर न आलेल्या मावशी त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ती गोष्ट वाच. मी वाचत गेले. शेवटी सवयीनं म्हटलं, अब्राहाम परत आला.

मावशींनी बोटानं टेबलावर टकटक केली.

"आले म्हण गं. आज दोघांना येऊ दे."