भंगारातला पिस्टन

ती उलटलेली जीप अजून डोळ्यांपुढून जात नाही. करकंबच्या रस्त्यावर वडाप करणारी, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी ती गाडी भर दुपारी शेतात कोलमडली आणि बाजार करून परतणारी एक बाई जागीच गेली. मी त्या हद्दीच्या ठाण्याचा प्रभारी होतो. आम्ही पोचेपर्यंत लोकांनी ड्रायव्हरला चोपला होता. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करून त्याला अटक केली. तो एकच घोकत होता, "सायेब, म्या ब्रेक दाबलाच न्हाय. चाकं आपसूक आवळली."

असं बरेच ड्रायव्हर सांगतात. तरी पंचांसमोर इंजिन उघडलं. नुकतंच बांधलेलं इंजिन, पण पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. म्हणजे इंजिन जाम होऊन चाकं खरंच आवळली होती.

मग खबऱ्याचा फोन आला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये जुनी पातेली आणि खिडक्यांच्या चौकटी वितळवून पिस्टन ओततात, वर नामांकित कंपनीचं खोकं चढवतात. छापा घालून मालकाला उचलला. पिस्टन तपासणाऱ्या तज्ज्ञांनी फोनवरच सांगितलं, "साहेब, यात सिलिकॉन नावालाच आहे. घासणं त्याचे कठीण कण सोसतात, तापल्यावर धातू फुगतो तेही तोच आवरतो. हा पिस्टन हळू चालवला तर चालेल. भरलेली गाडी जोरात निघाली की जाम होणार."

त्याच मालाचे पिस्टन घेऊन आणखी किती जीपा माणसं भरून पळत होत्या? फोन वाजला की वाटायचं, झालं, दुसरी गेली.

मालक चौकशीत थंड. "मी माल इकतो सायेब. कुणाच्या गाडीत बसला, मला काय म्हाईत?" धाक दाखवला, समजावलं, उपयोग शून्य. एवढ्यात हवालदार आत आला. म्हणाला, "सर, याची बायको डबा घेऊन करकंबहून निघालीय."

मालकानं मान वर केली. "कशानं?"

"वडापनं."

"कंच्या? निळ्या जीपनं तर न्हाय ना?" तो उठून उभाच राहिला.

मी विचारलं, "निळ्या जीपचं तुला काय माहीत?"

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. या जीपांची इंजिनं बांधणारं गॅरेज त्याच्या चुलतभावाचं, पिस्टन त्याच्या डोळ्यांदेखत बसलेले. आधीही एक गाडी जाम झाली होती, तेव्हा त्यानं गुपचूप पिस्टन बदलून दिला होता. त्यानं एकेक गाडी सांगितली आणि आम्ही वायरलेसवरून सगळ्या अडवल्या. निळी जीप नाक्यावर सापडली, खच्चून भरलेली. बायको तीतच होती.

तिला पोलीस गाडीतून ठाण्यात आणलं. का उतरवलं ते आणि उलटलेल्या जीपमधली बाई कशानं गेली तेही तिला वाटेतच कळलं होतं. तिनं डबा टेबलावर ठेवला.

ड्रायव्हर पुढं निर्दोष ठरला. त्या दिवसापासून आरोपी काय लपवतो याच्याइतकंच तो कुणासाठी घाबरतो हेही मी बघू लागलो, आणि त्याचा मला पुष्कळदा उपयोग झाला. पण त्या खोलीत पुढं जे झालं, त्यानं मी आजही बेचैन होतो. ती नवऱ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "मला उतरवलंसा. त्या बाईला का न्हाय उतरवलं?"